एमपीलॅब एक्समध्ये प्रोजेक्ट कसे मांडावे: खाजनातल्या एका यंत्राच्या निमित्ताने

गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या एका खाजनात (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या भातशेतात), मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या दारांजवळ, पाण्याची पातळी मोजणारे एक लहानसे यंत्र मी बसवले आहे. भरतीला मांडवी नदीचे खारे पाणी आत शिरू नये म्हणून मानशीची दारे मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी वाहून जावे म्हणून ती उघडतात. पण एखादे दार कुजले किंवा त्यात ओंडका अडकला, की खारे पाणी भातात पसरते आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. बांधाच्या आतली पातळी ठरलेल्या खुणेच्या वर सलग दहा मिनिटे राहिली तर भोंगा वाजवावा, एवढेच या यंत्राचे काम. घरी चाचणी घेताना प्रत्येक वेळी दहा मिनिटे थांबणे शक्य नव्हते, म्हणून मी ती मुदत दहा सेकंदांवर आणली होती, आणि चुकून तोच प्रोग्राम चिपमध्ये भरून यंत्र दिवाडीला गेले. त्या रात्री पाणी जरा हिंदकळले की भोंगा वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीबोटीने जाऊन, बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यांची बोलणी ऐकत मला ते उतरवून आणावे लागले.

त्या कोडमध्ये एकही चूक नव्हती. चूक होती ती प्रोजेक्ट मांडण्याच्या माझ्या पद्धतीत, कारण चाचणीचे आणि शेतावरचे असे दोन प्रोग्राम मी एकाच जागी, एकच ओळ खोडून-लिहून चालवत होतो. मायक्रोचिप कंपनीच्या पिक चिपांसाठी (अशी यंत्रे चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरांसाठी) एमपीलॅब एक्स हे प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअर आणि कोड चिपच्या भाषेत उतरवणारा एक्ससी८ कंपायलर वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि लहान कारखानदारांना ही वेळ येऊ नये, यासाठी प्रोजेक्ट कसे उघडावे, कसे जुळवावे आणि कसे जपावे हे पुढे सांगितले आहे. पडद्यावरचे मेनू इंग्रजीत दिसतात. येथे त्यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

प्रोजेक्टमध्ये काय साठते

एमपीलॅब एक्स हे नेटबीन्स या प्रोग्राम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरच्या पायावर उभारलेले आहे आणि त्याच्या लेखी प्रोजेक्ट म्हणजे एक फोल्डर, ज्याच्या नावाच्या शेवटी 'डॉट एक्स' असते. या फोल्डरात 'मेकफाइल' आणि 'एनबीप्रोजेक्ट' नावाचा उपफोल्डर असतो. कोणती चिप, कोणता कंपायलर, कोणता प्रोग्रामर (चिपमध्ये प्रोग्राम भरणारे उपकरण), कोणत्या फाइली, कोणते पर्याय, ही सगळी माहिती 'एनबीप्रोजेक्ट'मधल्या 'कॉन्फिगरेशन्स डॉट एक्सएमएल' या फाइलीत लिहिलेली असते. केवळ 'मेन डॉट सी' ईमेलने पाठवून 'प्रोजेक्ट पाठवले' म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी यांतले काहीच पाठवलेले नसते. 'बिल्ड', 'डिस्ट' आणि 'डीबग' हे फोल्डर मात्र सॉफ्टवेअर स्वतःच तयार करते आणि ते पुसले तरी पुन्हा तयार होतात.

नवे प्रोजेक्ट उघडताना

'फाइल' मेनूतून 'न्यू प्रोजेक्ट' निवडल्यावर जे प्रश्न एकामागून एक विचारले जातात, त्यांतले चिप, प्रोग्रामर आणि कंपायलर यांविषयीचे प्रश्न सोपे आहेत आणि त्यांची उत्तरे नंतर बदलताही येतात. घाईत पुढे ढकलला जातो तो शेवटचा पडदा, जिथे नाव, जागा आणि 'एन्कोडिंग' विचारतात, आणि नंतर त्रास देतो तोही हाच.

जागा निवडताना मार्ग आखूड ठेवावा. विंडोजमध्ये फाइलीच्या पूर्ण मार्गाला साधारणपणे २६० अक्षरांची मर्यादा असते, आणि 'डेस्कटॉप'वरच्या फोल्डरातल्या फोल्डरात ठेवलेले प्रोजेक्ट 'बिल्ड'च्या आतले लांबलचक उपफोल्डर धरून त्या मर्यादेजवळ सहज पोहोचते. सी ड्राइव्हवर थेट 'पिक' नावाचा एक फोल्डर करावा आणि सर्व प्रोजेक्ट त्याच्याखाली ठेवावीत. फोल्डरच्या आणि फाइलीच्या नावांत मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरे नसावीत. आपल्या भाषेचा अभिमान असलेल्या एका विद्यार्थ्याने फोल्डरला देवनागरीत 'खाजन' असे नाव दिले होते आणि बिल्ड (कोडपासून चिपमध्ये भरायची फाइल बनवण्याचे काम) का कोसळते हे शोधण्यात आमची एक दुपार गेली. पडद्यामागे काम करणारी 'मेक' ही जुनी साधनप्रणाली अशा नावांशी नेहमी नीट वागत नाही.

मराठीचा अभिमान कोडमधल्या टिपणांत खुशाल बाळगावा, मात्र त्यासाठी त्याच पडद्यावर 'एन्कोडिंग' बदलून 'यूटीएफ-८' करावे. तेथे आधीपासून निवडलेला 'आयएसओ-८८५९-१' हा पर्याय देवनागरीला पुरत नाही, आणि तो तसाच ठेवून मराठी टिपणे लिहिली तर फाइल जतन करून पुन्हा उघडल्यावर त्यांची प्रश्नचिन्हे झालेली दिसण्याची भीती असते.

झाडावरच्या फाइली आणि डिस्कवरच्या फाइली

डावीकडे दिसणाऱ्या झाडावरचे (प्रोजेक्टच्या फाइलींच्या फांद्यांसारख्या यादीतले) 'हेडर फाइल्स', 'सोर्स फाइल्स' हे फोल्डर डिस्कवर नसतात. ते केवळ पाहण्याच्या सोयीचे असतात. झाडावर एखादी फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात ओढली तरी डिस्कवर ती जागची हलत नाही. 'हेडर फाइल्स'मध्ये एखादी फाइल दिसते म्हणून कंपायलरला ती सापडेलच, असेही नाही. ती शोधायची कुठे हे कंपायलरच्या 'इन्क्लूड डिरेक्टरीज' या पर्यायात लिहावे लागते, आणि तो मार्ग प्रोजेक्टच्या फोल्डरापासून सापेक्ष असावा. झाडावर नाव दिसत असताना 'फाइल सापडत नाही' अशी चूक आली, तर हे एक कारण आधी तपासावे.

'ॲड एग्झिस्टिंग आयटम' निवडल्यावर उघडणाऱ्या चौकटीत 'स्टोअर पाथ ॲज' असा एक छोटासा पर्याय असतो, त्यात 'रिलेटिव्ह' निवडावे. 'ॲब्सोल्यूट' निवडले तर प्रोजेक्टमध्ये माझ्या संगणकाचा पूर्ण पत्ता लिहिला जातो आणि फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर त्या पत्त्याला काहीच अर्थ नसतो. अनेक प्रोजेक्टांत लागणारी फाइल, उदाहरणार्थ दोन ओळींच्या डिस्प्लेचा ड्रायव्हर, 'कॉपी' करून प्रत्येक ठिकाणी ठेवावी की एका सामाईक फोल्डरातून जोडावी, याबद्दल मतभेद आहेत. मी आता प्रत काढतो. सामाईक फाइलीत एका यंत्रासाठी केलेली सुधारणा दुसऱ्या यंत्राचे काय करते हे वर्षभराने, ते दुसरे यंत्र पुन्हा हाती आल्यावरच कळते.

एक प्रोजेक्ट, तीन कॉन्फिगरेशने

दिवाडीच्या अनुभवानंतर मी जे बदलले ते हे. माझ्याकडे या यंत्राचे दोन बोर्ड आहेत. जुन्या बोर्डावर पिक १६एफ८७७ए आणि ४ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल आहे. नव्या बोर्डावर पिक १६एफ८८७ असून तो चिपच्या पोटातल्याच ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर चालतो. पाणी मोजण्याचा आणि भोंगा वाजवण्याचा विचार दोन्हींत तोच आहे. अशा वेळी फोल्डरची प्रत काढून तिला 'नवीन', मग 'नवीन शेवटचे', मग 'खरेच शेवटचे' अशी नावे देण्याचा मोह होतो, आणि त्या वाटेने गेलेल्याला तीन महिन्यांनी कोणत्या प्रतीत कोणती दुरुस्ती झाली हे सांगता येत नाही.

त्याऐवजी प्रोजेक्टच्या नावावर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावी आणि तळाच्या 'मॅनेज कॉन्फिगरेशन्स' या बटणावर जावे. तेथे 'डीफॉल्ट' नावाचे एकच कॉन्फिगरेशन असते. प्रथम त्याचे नाव बदलावे, कारण 'डीफॉल्ट' या शब्दावरून सहा महिन्यांनी काहीच बोध होत नाही. मग त्याची 'डुप्लिकेट' काढून हवी तेवढी कॉन्फिगरेशने करावीत. माझी तीन आहेत: 'जुना शेत', 'नवा शेत' आणि 'नवा चाचणी' (पडद्यावर अर्थात रोमन लिपीत आणि मोकळ्या जागेऐवजी अधोरेषेने जोडलेली). प्रत्येक कॉन्फिगरेशनला स्वतःची चिप, स्वतःचा प्रोग्रामर, स्वतःचा कंपायलर आणि स्वतःचे पर्याय असतात. कोड मात्र सर्वांचा एकच राहतो. वरच्या पट्टीतल्या यादीतून जे कॉन्फिगरेशन निवडलेले असेल तेच बिल्ड होते.

आता फरक कोडमध्ये न लिहिता कॉन्फिगरेशनमध्ये लिहायचा. 'प्रॉपर्टीज'मध्ये 'एक्ससी८ कंपायलर'खाली 'प्रीप्रोसेसिंग अँड मेसेजेस' असा विभाग आहे आणि त्यात 'डिफाइन मॅक्रोज' ही ओळ आहे. चाचणीच्या कॉन्फिगरेशनमध्ये तेथे 'टेस्ट' आणि शेताच्या दोन्ही कॉन्फिगरेशनमध्ये 'फील्ड' हा मॅक्रो (कंपायलरला दिलेले एक नाव) लिहावा, आणि एका हेडर फाइलीत 'टेस्ट' असेल तर मुदत दहा सेकंद, 'फील्ड' असेल तर सहाशे सेकंद, असे एकदाच नोंदवावे. विलंब मोजणारे कंपायलरचे तयार फलन 'अंडरस्कोर एक्सटॅल फ्रेक' हा मॅक्रो वाचते, त्याचीही किंमत याच ओळीत द्यावी: जुन्या बोर्डाला ४० लाख, नव्याला ८० लाख. येथे चूक झाली तर कंपायलर तक्रार करत नाही. ८० लाखांचा आकडा देऊन ४ मेगाहर्ट्झच्या बोर्डावर प्रोग्राम चालवला, तर प्रत्येक विलंब दुप्पट लांबतो, आणि याच आकड्यावरून सिरियल संदेशांचा वेग काढलेला असेल तर तेही वाचता येत नाहीत.

एक सावधगिरी मी आवर्जून सुचवीन. त्या हेडर फाइलीत शेवटी 'अन्यथा' म्हणून एखादी किंमत देऊ नये. 'टेस्ट' आणि 'फील्ड' यांपैकी एकही मॅक्रो नसेल तर 'हॅश एरर' हा आदेश लिहून बिल्ड तेथेच थांबवावे. पुढेमागे कोणी चौथे कॉन्फिगरेशन काढले आणि मॅक्रो लिहायला विसरले, तर यंत्र शेतावर जाण्याआधी संगणकच त्याला अडवील.

काही फाइली एकाच चिपच्या असतात. ८७७एमध्ये चिपच्या पिना ॲनालॉग की डिजिटल हे 'एडकॉन१' या रजिस्टरमधून (चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्यातून) ठरते, तर ८८७मध्ये त्यासाठी 'ॲनसेल' आणि 'ॲनसेलएच' अशी वेगळी रजिस्टरे आहेत. अशी चिपनिहाय कामे दोन स्वतंत्र फाइलींत ठेवावीत, आणि नको असलेल्या फाइलीवर उजवे बटण दाबून ती चालू कॉन्फिगरेशनमधून वगळावी. एकच फाइल ठेवून तिच्यात जागोजागी 'जर ही चिप असेल तर' अशा अटी पेरण्यापेक्षा हे वाचायला पुष्कळ सोपे जाते.

कॉन्फिगरेशन बिट्स: नाव तेच, गोष्ट वेगळी

वर सांगितलेले कॉन्फिगरेशन प्रोजेक्टचे असते आणि संगणकावर राहते. 'कॉन्फिगरेशन बिट्स' मात्र चिपच्या पोटात लिहिले जातात आणि वीज मिळताच चिपने कसे जागे व्हावे हे ठरवतात. नावांच्या या सारखेपणामुळे नवखे हमखास गोंधळतात.

'विंडो' मेनूतून 'टार्गेट मेमरी व्ह्यूज' आणि त्याखाली 'कॉन्फिगरेशन बिट्स' उघडावे, प्रत्येक ओळीतला पर्याय निवडावा आणि 'जनरेट सोर्स कोड टू आउटपुट' हे बटण दाबावे. खाली उमटलेल्या 'प्रॅग्मा'च्या (कंपायलरला सूचना देणाऱ्या) ओळी उचलून आपल्या फाइलीत चिकटवल्याशिवाय काम पुरे होत नाही. केवळ त्या खिडकीत पर्याय निवडल्याने हेक्स फाइलीत (चिपमध्ये भरायच्या फाइलीत) काहीही जात नाही. दोन्ही चिपांचे बिट्स वेगळे असल्यामुळे या ओळीही चिपनिहाय फाइलींतच ठेवाव्यात.

गोव्यातल्या पावसाळ्यात यंत्र चालवायचे असेल तर यांतले चार पर्याय विचारपूर्वक ठरवावे लागतात. जून-जुलैत वीज दिवसातून अनेकदा डुलकी घेते, पूर्ण जात नाही. तेवढ्याने चिप अर्धवट शुद्धीत राहून वाटेल तसे वागू शकते. म्हणून व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेल्यास चिपला पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा 'ब्राउन-आउट रीसेट' चालू ठेवावा, आणि वीज आल्यावर क्षणभर थांबवणारा 'पॉवर-अप टायमर'ही चालू ठेवावा. प्रोग्राम कुठे अडकला तर चिपला पुन्हा सुरू करणारा 'वॉचडॉग टायमर' शेतावर चालू असावा. चाचणीत मात्र तो मी बंद ठेवतो, कारण नाहीतर कोडमधली खरी अडचण त्याच्या सततच्या रीसेटखाली झाकली जाते. हा फरकही 'टेस्ट' मॅक्रोवरच बांधावा.

चौथा पर्याय 'लो व्होल्टेज प्रोग्रॅमिंग'चा. ८७७एमध्ये तो चालू राहिला तर 'आरबी३' ही पिन साध्या कामासाठी वापरता येत नाही आणि तिच्यावर उच्च पातळी आली तर चिप प्रोग्राम भरून घेण्याच्या अवस्थेत जाऊ शकते. 'बोर्ड हात लावला की बंद पडतो' अशी तक्रार घेऊन आलेल्यांना मी आधी हा बिट दाखवायला सांगतो.

ऑसिलेटरचा बिट क्रिस्टलप्रमाणे निवडावा: ४ मेगाहर्ट्झपर्यंत 'एक्सटी', त्याहून वर 'एचएस', आणि ८८७च्या आतल्या ऑसिलेटरसाठी त्याचा स्वतंत्र पर्याय. त्यानंतरही ८८७ला ८ मेगाहर्ट्झवर न्यायचे तर कोडमध्ये 'ऑस्कॉन' रजिस्टर भरावे लागते, अन्यथा तो ४ मेगाहर्ट्झवरच चालतो.

प्रोग्रामरचे पर्याय

'प्रॉपर्टीज'मध्ये आपल्या प्रोग्रामरच्या नावावर गेल्यावर वर एक यादी दिसते. तिच्यातल्या 'पॉवर' विभागातून बोर्डाला प्रोग्रामरकडूनच वीज देता येते, पण पिककिट ३ हा प्रोग्रामर जेमतेम ३० मिलिॲम्पिअर देतो आणि पिककिट ४ सुमारे ५० मिलिॲम्पिअर. डिस्प्लेचा दिवा आणि रिले असलेल्या बोर्डाला ते पुरत नाही. 'स्नॅप' हा प्रोग्रामर तर बोर्डाला वीज देतच नाही. बोर्डाला स्वतःचा वीजपुरवठा द्यावा आणि हा पर्याय बंद ठेवावा.

'मेमरीज टू प्रोग्राम' विभागातला 'प्रिझर्व ईईप्रॉम मेमरी' हा पर्याय मात्र नक्की निवडावा. माझ्या यंत्रात पातळीची खूण बांधावर उभे राहून, ओहोटीच्या वेळी मोजून, चिपच्या २५६ बाइटांच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) लिहिलेली असते. हा पर्याय न निवडता नवा प्रोग्राम भरला की ती पुसली जाते, आणि पुन्हा मोजण्यासाठी पुढच्या ओहोटीची वाट पाहावी लागते.

दुसऱ्या संगणकावर उघडण्यासाठी

प्रोजेक्ट आपल्या संगणकावर चालते यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. प्रत्येक कॉन्फिगरेशनमध्ये कंपायलरची आवृत्ती आणि चिपची माहिती देणाऱ्या 'पॅक'ची आवृत्ती नोंदलेली असते. दुसऱ्या संगणकावर तीच नसेल तर सॉफ्टवेअर आपल्याला नवी निवडायला लावते. कंपायलर बसवूनही यादीत दिसत नसेल, तर 'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स', 'एम्बेडेड', 'बिल्ड टूल्स' येथे जाऊन पुन्हा शोध घेण्यास सांगावे. जुने कोड नव्या कंपायलरवर नेताना एक्ससी८च्या २.०० आवृत्तीकडे लक्ष ठेवावे: तेथपासून सी९९ ही मूळ भाषापद्धती झाली आणि इंटरप्ट फलन (चालू काम थांबवून मध्येच चालणारा कोडचा भाग) लिहिण्याची जुनी रीत तिच्यात चालत नाही. फलनाची ती ओळ नव्या रीतीने लिहावी, किंवा तात्पुरते म्हणून 'सी स्टँडर्ड'मध्ये सी९० निवडावे. महाविद्यालयांच्या जुन्या प्रयोगवह्यांतले असेंब्लीचे प्रयोग एमपीएएसएम या जुन्या असेंब्लरसाठी लिहिलेले असतील, तर एमपीलॅब एक्सची ५.३५ ही त्याला साथ देणारी शेवटची आवृत्ती आहे हे लक्षात ठेवावे.

प्रोजेक्ट कोणाला द्यायचे असेल तर उजव्या बटणाच्या यादीतला 'पॅकेज' हा पर्याय त्याची झिप करून देतो. गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारे साधन) वापरणाऱ्यांनी कोडबरोबर 'मेकफाइल', 'कॉन्फिगरेशन्स डॉट एक्सएमएल' आणि 'प्रोजेक्ट डॉट एक्सएमएल' ठेवावे, आणि 'बिल्ड', 'डिस्ट', 'डीबग' तसेच 'एनबीप्रोजेक्ट'मधला 'प्रायव्हेट' हा फोल्डर वगळावा. पेन ड्राइव्हवरून आणलेल्या प्रोजेक्टवर पहिले काम 'क्लीन अँड बिल्ड'चे करावे, कारण कोणती फाइल पुन्हा कंपाइल करायची हे फाइलींच्या वेळांवरून ठरते आणि दोन संगणकांची घड्याळे जुळत नसतील तर जुनाच तुकडा नव्या हेक्समध्ये जाऊ शकतो.

चिप भरण्यापूर्वी

दोन-तीन प्रोजेक्ट एकदम उघडी असतील तर ज्यावर काम करायचे त्यावर उजवे बटण दाबून 'सेट ॲज मेन प्रोजेक्ट' करावे. त्याचे नाव ठळक दिसू लागते. बाकीची बंद करावीत. वरच्या पट्टीतले कॉन्फिगरेशन मोठ्याने वाचावे, हसू आले तरी वाचावे. डीबगसाठी केलेले बिल्ड शेतावर पाठवू नये. ते प्रोग्रामरच्या साथीशिवाय चालण्यासाठी बनवलेलेच नसते. शेतावर जाणारी हेक्स 'डिस्ट' फोल्डरात, कॉन्फिगरेशनच्या नावाखाली, 'प्रॉडक्शन' या उपफोल्डरात असते. ती तारखेसह वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी, आणि 'डॅशबोर्ड'मध्ये दिसणारा तिचा चेकसम (फाइलीवरून काढलेला ओळखीचा आकडा) तिच्या शेजारी लिहून ठेवावा.

माझे यंत्र आता वीज मिळताच पहिले तीन सेकंद डिस्प्लेवर कॉन्फिगरेशनचे नाव दाखवते. हे नावही मी कोडमध्ये लिहिलेले नाही. ते त्याच 'डिफाइन मॅक्रोज'च्या ओळीतून येते. फेरीबोटीत चढण्यापूर्वी धक्क्यावरच बॅटरी जोडून मी तेवढे तीन सेकंद पाहून घेतो, आणि त्यात 'चाचणी' हा शब्द दिसला तर तेथूनच परत फिरतो.